चिनी मातीच्या अर्धबाहुल्या : ओळख आणि कालनिर्णय

कमरेपाशी संपणारी, आतून पोकळ, गालांवर गुलाबी छटा असलेली चिनी मातीची लहानशी स्त्रीप्रतिमा जुन्या काचकपाटात किंवा शिवणाच्या डब्यात सापडली, की ती मोडकी बाहुली असावी असा समज सहज होतो आणि पुष्कळदा तिची रवानगी भंगारात होते. वस्तुतः ती मोडलेली नसते. तिचा खालचा भाग कधी घडवलेलाच नव्हता. कमरेखालचा घेरदार झगा कापडाचा असे आणि त्या झग्याखाली टाचण्यांची उशी, चहाची किटली, पावडरीची डबी किंवा कपडे झाडण्याचा ब्रश दडलेला असे. इंग्रजीत या वस्तूला ‘हाफ डॉल’ म्हणतात. जर्मन भाषेत तिला ‘टेपुपे’, म्हणजे चहाबाहुली, असेही नाव आहे. मराठीत तिला अर्धबाहुली म्हणता येईल.

मुंबईतील जुन्या घरांत, तसेच डहाणू, घोलवड, बोर्डी या किनारपट्टीवरील पारशी-इराणी वाड्यांमध्ये विदेशी चिनी मातीची भांडी आणि शोभेच्या वस्तू काचकपाटात मांडण्याची रीत जुनी आहे. अशा घरांची आवराआवर होते, तेव्हा अशी एखादी वस्तू हाती लागणे अशक्य नाही. त्याच डहाणू तालुक्याच्या आतल्या भागात, कासा-सायवनच्या बाजूला, वारली पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चित्रकलेची दखल १९७० च्या दशकापासून जगाने घेतली. किनाऱ्यावरील घरांतल्या कारखानी वस्तूंकडे मात्र अभ्यासाचा विषय म्हणून क्वचितच पाहिले जाते.

अर्धबाहुलीचे वय ठरवणे हा केवळ हौशी संग्राहकांचा खेळ नव्हे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी व्यक्तीला नाही. आजीची बाहुली परदेशातील नातीकडे पाठवायची असेल, तर ती १९१० ची की १९३५ ची हा प्रश्न थेट कायद्याचा होतो. विकायची असेल, तर तिच्या वयावर तिची किंमत ठरते. आणि घरातच ठेवायची असेल, तर ती पणजीच्या लग्नात आलेली की आजीने नंतर विकत घेतलेली, या घरगुती इतिहासाचा उलगडाही त्याच उत्तरावर अवलंबून असतो.

एक मूलभूत नियम

कालनिर्णय करताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कोणतीही एक खूण वस्तूचे नेमके वर्ष सांगत नाही. ती बहुधा एकच मर्यादा सांगते : ‘ही वस्तू अमुक वर्षाच्या आधीची नाही’ किंवा ‘अमुक वर्षानंतरची नाही’. माती, घडण, केशभूषा, ठसा, कापड आणि घरातील आठवण या साऱ्यांनी आखलेल्या मर्यादा जिथे एकमेकींवर येतात, तो त्या वस्तूचा काळ. एकाच खुणेवर विसंबणे हे चुकीच्या निदानाचे सर्वांत मोठे कारण आहे.

उगम आणि बहराचा काळ

युरोपात अस्सल कठीण चिनी माती पहिल्यांदा साध्य झाली ती योहान फ्रीडरिश बॉटगर याच्या प्रयोगांतून, १७०८ च्या सुमारास. १७१० मध्ये मायसन येथील कारखाना सुरू झाला. १७६० च्या सुमारास थुरिंगिया या डोंगराळ जर्मन प्रदेशातही ही विद्या पोहोचली. लाकूड, माती आणि स्वस्त मजुरी यांच्या बळावर तेथे अनेक लहानमोठे कारखाने उभे राहिले. बाहुल्या आणि खेळण्यांचा तेथील धंदा मोठ्या प्रमाणावर घरबसल्या मजुरीवर चालत असे. अर्धबाहुल्यांचे सर्वाधिक उत्पादन याच प्रदेशात आणि शेजारच्या बव्हेरियात झाले.

विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतचा काळ हा त्यांच्या बहराचा काळ होय. त्यातही १९२० चे दशक सर्वांत भरभराटीचे. मध्यमवर्गीय घरात एखादी निव्वळ उपयोगाची वस्तू उघडी ठेवू नये, तिला काहीतरी सुंदर आवरण असावे, ही त्या काळाची अभिरुची होती. टेलिफोन घरात आल्यावर त्याच्यावरही अशा बाहुलीचा झगा चढला. कारखान्यातून बहुधा केवळ वरचा अर्धा भाग विकला जाई आणि झगा घरची गृहिणी स्वतः शिवी. म्हणून एकाच साच्यातून निघालेल्या दोन बाहुल्या तयार वस्तू म्हणून मात्र सारख्या नसत.

माती, झिलई आणि छिद्रे

प्रथम वस्तू उलटी करून पाहावी. जुन्या अर्धबाहुल्या आतून पोकळ असतात. मातीचा पातळ घोळ प्लास्टरच्या साच्यात ओतला जाई. प्लास्टर पाणी शोषून घेई, साच्याच्या आतील बाजूला मातीचा थर धरे आणि उरलेला घोळ ओतून टाकला जाई. साच्याच्या दोन भागांचा सांधा दोन्ही कुशींवरून बारीक रेषेसारखा जाणवतो. चांगल्या कारखान्यात ही रेषा भाजण्यापूर्वी घासून जवळजवळ नाहीशी केली जाई. स्वस्त मालात ती स्पष्ट दिसते.

बहुतेक बाहुल्यांच्या कमरेखालच्या कडेला दोन, चार किंवा अधिक छिद्रे असतात. त्यांतून दोरा ओवून बाहुली कापडाला शिवली जाई. छिद्रे नसतील तर ती डिंकाने चिकटवलेली किंवा डबीचे झाकण म्हणून घडवलेली असू शकते. छिद्रे हे बाहुलीच्या उपयोगाचे लक्षण आहे. तेवढ्यावरून वय ठरत नाही.

पृष्ठभाग चकचकीत असेल तर तिच्यावर झिलई दिलेली आहे. तो दगडासारखा मंद, त्वचेसारखा असेल तर ती झिलईविना भाजलेली, म्हणजे ‘बिस्क’ प्रकारची. उंची एका इंचापासून आठ-नऊ इंचांपर्यंत आढळते. मेण, कागदाचा लगदा आणि सेल्युलॉइड यांच्याही अर्धबाहुल्या झाल्या; हातात घेतल्यावर वजन व गारवा यांवरून त्या लगेच वेगळ्या कळतात.

रंगकामाकडे भिंगातून पाहावे. भट्टीत पक्का केलेला रंग झिलईत मुरलेला असतो आणि बोटाने घासून जात नाही. भाजल्यानंतर वरून दिलेला कच्चा रंग टवके उडून जातो; नाकाच्या शेंड्यावरून आणि केसांच्या उंचवट्यावरून तो आधी नाहीसा होतो. भुवया एकाच फटकाऱ्याने ओढल्या आहेत की बारीक रेषांनी रेखाटल्या आहेत, पापणीवर वेगळी रेषा आहे का, यांवरून कामाचा दर्जा समजतो.

हातांची ठेवण

संग्राहक अर्धबाहुल्यांची प्रतवारी मुख्यतः हातांवरून करतात. पहिल्या प्रकारात हात अंगाला चिकटलेले असतात. अशी बाहुली एकाच साच्यातून निघते, मोडत नाही आणि स्वस्त असते. दुसऱ्या प्रकारात कोपर अंगापासून सुटलेले असते, परंतु पंजा पुन्हा छातीला, कमरेला किंवा केसांना टेकलेला असतो, त्यामुळे मधे पोकळी दिसते. तिसऱ्या प्रकारात हात पूर्णपणे मोकळे, हवेत पसरलेले असतात. त्यांचे साचे वेगळे असत आणि ते भाजण्यापूर्वी पातळ मातीने धडाला जोडावे लागत. हे काम वेळखाऊ आणि नाजूक. बोटे तुटण्याचे प्रमाणही मोठे. म्हणून सुटी बोटे शाबूत असलेली मोकळ्या हातांची बाहुली सर्वांत मौल्यवान ठरते.

मात्र हातांवरून दर्जा ठरतो, काळ नव्हे. तिन्ही प्रकार एकाच काळात, कधी एकाच कारखान्यात तयार होत होते. ‘साधी म्हणजे जुनी आणि नाजूक म्हणजे नवी’ हा समज निराधार आहे.

केशभूषा आणि वेश : फसवी खूण

उंच पांढऱ्या केशरचनेची, गळ्यात फीत बांधलेली, अठराव्या शतकातील फ्रेंच दरबारी स्त्री पाहून अनेक जण बाहुलीही अठराव्या शतकातील मानतात. ही फार सर्रास होणारी चूक आहे. मादाम पाँपादूर किंवा राणी मारी आंत्वानेत यांच्या थाटाच्या अर्धबाहुल्या विसाव्या शतकात मोठ्या संख्येने घडल्या, कारण त्या काळी जुन्या दरबारी वैभवाचे आकर्षण होते.

याउलट, समकालीन वेश अधिक विश्वासार्ह असतो. मानेपर्यंत कापलेले आखूड केस, कानांवर ओढलेली घंटेच्या आकाराची टोपी, बारीक भुवया आणि लहान लाल ओठ ही पहिल्या महायुद्धानंतरच्या तरुणीची लक्षणे आहेत. अशी बाहुली बहुतांशी १९२० च्या दशकातील किंवा त्यानंतरची असते. थोडक्यात, वेशावरून ‘याआधीची नाही’ एवढेच म्हणता येते. ‘त्याच वेळची आहे’ असे नाही.

ठसे आणि अक्षरे

ठसा बहुधा कमरेच्या कडेवर, मागील बाजूस किंवा आतल्या पोकळीत असतो. तो मातीत दाबलेला असेल तर भाजण्यापूर्वीचा. शाईचा असेल तर नंतरचा. केवळ आकडे असतील तर ते साच्याचे क्रमांक असतात. ‘१८७६’ सारखा चार अंकी क्रमांक वर्ष समजून वाचण्याचा मोह टाळावा.

देशाचे नाव ही सर्वांत उपयोगी खूण. ब्रिटनच्या १८८७ च्या आणि त्यापाठोपाठ हिंदुस्थानातील १८८९ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्यांनी मालाच्या खोट्या खुणांना आळा घालण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने मार्च १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे केले. त्यामुळे पुढील ठोकताळे बांधता येतात :

- रोमन लिपीत ‘जर्मनी’ किंवा ‘मेड इन जर्मनी’ : सर्वसाधारणपणे १८९१ नंतरची.
- ‘निप्पॉन’ : १८९१ ते १९२१. अमेरिकेने १९२१ पासून ‘जपान’ हेच इंग्रजी नाव मागितले.
- ‘जपान’ किंवा ‘मेड इन जपान’ : बहुतांशी १९२१ नंतरची.
- ‘ऑक्युपाइड जपान’ : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोस्तांच्या ताब्याचा काळ, तो एप्रिल १९५२ मध्ये संपला.
- ‘चेकोस्लोव्हाकिया’ : १९१८ नंतरची, कारण तो देशच त्या वर्षी जन्मला.
- ‘यूएस झोन, जर्मनी’ : १९४५ ते १९४९ च्या दरम्यानची.
- ‘वेस्ट जर्मनी’ : १९४९ ते १९९०.
- ‘डी. आर. जी. एम.’ ही अक्षरे : जर्मनीत नोंदवलेला नमुना, ही नोंदणी १८९१ मध्ये सुरू झाली.

ठसा नसणे म्हणजे १८९१ पूर्वीची वस्तू, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नये. जर्मनीतच विकायच्या मालावर इंग्रजी नाव लागत नसे. कित्येकांवर कागदी चिठ्ठी असे आणि ती निघून जाई.

कारखान्यांच्या खुणांपैकी तीन लक्षात ठेवण्याजोग्या. बव्हेरियातील पासाऊ येथील ड्रेसेल, किस्टर या कारखान्याच्या उंची बाहुल्यांच्या आत निळ्या रंगाची, वरच्या टोकाशी वळलेल्या काठीसारखी खूण आढळते. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या गोबेल कारखान्याची जुनी खूण म्हणजे मुकुट व त्याखाली एकमेकांत गुंफलेली डब्ल्यू आणि जी ही अक्षरे. काट्झह्युट्टे गावच्या हर्टविग कारखान्याची खूण म्हणजे घरात बसलेली मांजर. गावाच्या नावातच जर्मन भाषेतील ‘मांजर’ आणि ‘झोपडी’ हे शब्द दडलेले आहेत. दोन आडव्या तलवारी दिसल्या, की लगेच मायसन असे समजू नये. त्या खुणेची नक्कल आणि तिच्याशी साम्य असलेल्या खुणा इतर अनेक कारखान्यांनी वापरल्या.

आपल्याकडील घरांसाठी आणखी एक खूण

भारतातील घरात सापडलेल्या बाहुलीबाबत व्यापाराचा इतिहासही कामी येतो. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश हिंदुस्थानात जर्मन माल येणे बंद झाले. ती पोकळी भरून काढण्यात जपान पुढे आला. बांगड्या, काचसामान, खेळणी, चिनी माती अशा मालाने येथील बाजारपेठ व्यापली. युद्धानंतर जर्मन माल पुन्हा येऊ लागला, तो सप्टेंबर १९३९ मध्ये दुसऱ्यांदा थांबला. डिसेंबर १९४१ मध्ये जपानही शत्रुराष्ट्र झाल्यावर तेथूनचा व्यापार संपला. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले.

म्हणून येथील दुकानातून घेतलेली ‘मेड इन जपान’ बाहुली बहुतेक करून १९२१ ते १९४१ या वीस वर्षांतील, आणि ‘जर्मनी’ ठशाची बाहुली १९१४ पूर्वीची किंवा १९२० ते १९३९ या काळातील असण्याचा संभव जास्त. कुणी आफ्रिकेतून, विलायतेतून वा आखातातून ती सोबत आणली असेल, तर हा ठोकताळा लागू पडत नाही. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना विचारणे हा कालनिर्णयाचाच भाग आहे.

हीच पद्धत एका जवळच्या वस्तूलाही लावता येते. राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील चित्रांवरून भारतीय बाजारासाठी चिनी मातीच्या मूर्ती जर्मनीत घडवल्या गेल्या. रविवर्मांचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. तेव्हा त्या छापील चित्रांवर बेतलेली मूर्ती त्याआधीची असू शकत नाही, मग तिच्यावर ठसा असो वा नसो.

कापडाची साक्ष

झगा मळका, फाटका म्हणून फेकून देणारे अनेक जण असतात. तसे कदापि करू नये. चिनी माती जे सांगत नाही, ते कापड सांगते. कृत्रिम रेशीम म्हणजे रेयॉन विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत सर्वत्र पसरले. नायलॉनची घोषणा १९३८ मध्ये झाली; म्हणून नायलॉनची लेस असेल तर निदान ती लेस त्यानंतरची. टेरिलीनचा शोध १९४१ चा, परंतु बाजारात ते १९५० च्या दशकात रुळले. उशीत भुसा, घोड्याचे केस, कापूस किंवा सावरीचा कापूस असेल तर ती जुनी असू शकते. स्पंज असेल तर ती भरणी १९५० नंतरची.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाहुलीचे केस आखूड आहेत, पाठीवर ‘मेड इन जपान’ असा लाल ठसा आहे, झगा रेयॉनचा आहे आणि त्याच्या कडेला नायलॉनची लेस आहे. ठसा १९२१ नंतरचा, व्यापार १९४१ पर्यंतचा. केस आणि रेयॉन या दोन्हींशी जुळतात. केवळ लेस जुळत नाही. याचा अर्थ बाहुली खोटी आहे असा होत नाही. बाहुली १९२१ ते १९४१ मधील आणि झग्याची डागडुजी नंतरची, असा होतो. कुणीतरी तो झगा जपण्यासाठी पुन्हा हाती घेतला, हीदेखील त्या वस्तूच्या इतिहासातील एक नोंदच.

नकला आणि दुरुस्त्या

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्धबाहुल्यांचा संग्रह करण्याची हौस वाढली, तशी नवी घडणही सुरू झाली. जुन्या बाहुलीवरून नवा साचा काढला, की भाजताना माती पुन्हा आकसते. त्यामुळे नक्कल मूळ वस्तूपेक्षा थोडी लहान निघते आणि तिच्या बोटांचे, लेसचे तपशील बोथट दिसतात. आतील बाजू अतिशय पांढरी व स्वच्छ असणे, छिद्रांच्या कडांवर दोऱ्याची झीज किंवा मळ नसणे, सगळीकडे सारख्याच प्रमाणात तपकिरी ‘जुनाट’ रंग फासलेला असणे, या शंकेच्या जागा आहेत. खरी झीज असमान असते. अतिनील दिव्याखाली डिंकाने जोडलेली मान किंवा नंतर रंगवलेले बोट पुष्कळदा वेगळ्या छटेने चमकते. जुन्या सुती दोऱ्याच्या तुलनेत आधुनिक शुभ्रकारकयुक्त दोरा निळसर उजळतो.

अस्सल चिनी मातीची पोत डोळ्यांत बसवायची असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या युरोपीय व पौर्वात्य वस्तू पाहाव्यात. रोजच्या वापरातील वस्तूही इतिहासाचे साधन असते, हे समजून घ्यायचे असेल तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे.

जतन आणि नोंद

समुद्रकाठच्या खारट, दमट हवेचा चिनी मातीला फारसा त्रास होत नाही. झग्याला मात्र होतो. उशीतील लोखंडी टाचण्या गंजून कापडावर कायमचे डाग पाडतात, म्हणून त्या काढून वेगळ्या डबीत ठेवाव्यात. कसर लागू नये यासाठी वस्तू वर्षातून दोन-तीनदा सावलीत हवेशीर ठेवावी. झगा शिवलेला असताना बाहुली पाण्यात बुडवू नये. कच्च्या रंगावर ओले फडकेही फिरवू नये. कोरडा मऊ कुंचला पुरेसा असतो. तुटलेली बोटे झटपट चिकटणाऱ्या डिंकाने जोडण्यापेक्षा कागदात गुंडाळून जपून ठेवणे श्रेयस्कर.

वस्तूची समोरून, मागून, आतून आणि ठशाची अशी चार छायाचित्रे घ्यावीत. उंची, छिद्रांची संख्या, हातांचा प्रकार, ठशातील अक्षरे, कापड आणि ती घरात कुणाकडून, साधारण कधी आली, हे एका कागदावर लिहून तो कागद वस्तूसोबत ठेवावा. वय १०० वर्षांच्या आसपास येत असेल आणि ती परदेशी न्यायची असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आवश्यक आहे का, हे पाहावे.

चिनी माती शंभर वर्षांनीही तशीच राहते. कापड विरते, आणि त्याआधी ती वस्तू कुणाची होती हे सांगणारी माणसे जातात. म्हणून कालनिर्णयाची सुरुवात भिंग आणि दिव्यापासून न करता घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला दोन प्रश्न विचारून करावी आणि तिने दिलेली उत्तरे त्याच दिवशी लिहून ठेवावीत.